आजीचं तिकीट

आज आजीचा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. आई म्हणाली, तुझी वाट बघत होती ना, म्हणून.

शनिवारचं दिल्ली-पुणे तिकीट मी तिलाच भेटायला काढलं होतं. बुधवारी पहाटे साताऱ्याहून दादाचा फोन आला. तिकीट बदलायला विमान कंपनीला फोन लावला, तर चाळीस मिनिटं नुसतं संगीत. मग एक मुलगी म्हणाली, "मॅम, मृत्यूचा दाखला अपलोड करा, मग विचार करू." अहो, माणूस जाऊन दोन तास झालेत! नोंदणीलाच कायद्याने २१ दिवसांची मुदत असते, दाखला त्यानंतरचा. डॉक्टरांचं पत्र चालेल का विचारलं. नाही म्हणाली.

शेवटी दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं आणि जुनं रद्द केलं. परतावा शून्य! डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा. तिच्या नियमानुसार नॉन-रिफंडेबल तिकिटावरसुद्धा कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. आज दुपारी सगळे निजल्यावर ओटीवर बसून एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. पीएनआर, रद्द केल्याची मेल, फोनची वेळ, सगळं जोडलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे जपून ठेवा.

पैसे थोडेच आहेत, पण सोडणार नाही. त्या चाळीस मिनिटांत मी आईशी बोलू शकले असते.

बॅगेत आजीसाठी आणलेली लोकरीची शाल तशीच आहे, घडी न मोडलेली.