युरियाच्या गोणीतला कनेक्टिंग रॉड

शुक्रवार, 19 जानेवारी 2024. सकाळी साडेनऊला भोसरीच्या आमच्या लॅबमध्ये पोचले, तर रिसेप्शनच्या बाकड्यावर दोघं जण आधीच येऊन बसले होते. पन्नाशीचे एक शेतकरी, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, आणि शेजारी त्यांचा विशी-बाविशीचा मुलगा. दोघांच्या मध्ये युरियाची जुनी गोणी, तोंड सुतळीनं बांधलेलं. इंदापूरकडून पहाटेच्या एसटीनं आले होते.

आमच्याकडे तुटलेले भाग येतात ते कंपन्यांकडून, खोक्यात, चलनासकट. गोणी घेऊन माणूस स्वतः आलेला मी फार क्वचित बघितला आहे.

"ताई, ह्यात बगा," ते म्हणाले. "पोरानं मोडलं का आपसूक मोडलं, तेवढं सांगा."

आठवड्यापूर्वी रात्री मुलगा दोन ट्रॉल्या ऊस घेऊन कारखान्याकडे निघाला होता. चढावर इंजिनातून ठोके ऐकू आले. त्यानं गाडी बंद करेपर्यंत एक दणका बसला आणि ब्लॉकला मुठीएवढं भोक पडलं. ट्रॅक्टर दीड वर्षाचा, मीटरवर अकराशे तास. जिथून घेतला तिथल्या माणसांनी येऊन पाहिलं, इंजिनात तेल नाही हे दाखवलं आणि सांगितलं की तेल न बघता गाडी ओढली, वॉरंटी बसत नाही. ब्लॉक फुटल्यावर तेल आत राहील कसं, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं. गावभर मग तीच गोष्ट झाली. पोरगा आठ दिवस धड जेवला नाही, असं वडील त्याच्यासमोरच बोलले. त्यानं मान वर केली नाही.

मी गोणी सोडली आणि मला बरं वाटलं. त्या माणसानं सगळं आणलं होतं. कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्याचे, दोन तुकडे, क्रँकभोवती बसणारी त्याची कॅप, दोन्ही बोल्ट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले बेअरिंगचे शेल, म्हणजे दांडा आणि क्रँक यांच्यामधल्या पातळ वाट्या. बहुतेक लोक एवढा मोठाच तुकडा उचलतात आणि बाकीचा पुरावा भंगारात जातो.

कनेक्टिंग रॉड काय सोसतो हे मुद्दाम सांगते, कारण रोज गाडी चालवणाऱ्यांच्याही ते लक्षात येत नाही. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो. त्याला प्रत्येक वेळी थांबवायचं आणि परत ओढायचं काम या दांड्याचं. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर असेल, तर जेमतेम अर्धा किलोचा पिस्टन या दांड्याला टनाहून जास्त जोरानं ओढतो, आणि तेही सेकंदाला शंभर वेळा. ट्रॅक्टर हळू फिरतो, दोन हजारांवर. तरी तासाला एक लाख वीस हजार हिसके. अकराशे तासांत तेरा कोटींच्या वर.

पहिली गोष्ट पाच मिनिटांत कळली. तेलाविना चाललेल्या इंजिनाचे शेल पातळ होऊन वितळलेले, फरफटलेले असतात आणि दांड्याचं मोठं डोकं, क्रँकला धरणारं टोक, तापून निळं-काळं पडतं. इथं शेल करडे, सारखे झिजलेले, डोक्यावर ताप लागल्याची खूण नाही. बोल्ट धड होते. तुटला होता मधला दांडा, मोठ्या डोक्याच्या वरच्या वळणाजवळ. पण 'तेल होतं' एवढ्यानं भागत नाही. मग तुटलं कशानं, हे सांगता आलं पाहिजे.

तुटलेली तोंडं वाईट अवस्थेत होती. दांडा तुटला की क्रँक त्याला ब्लॉकवर आपटत राहतो आणि जे वाचायचं तेच ठेचून जातं. एका बाजूचा कोपरा तेवढा वाचला होता, नखाएवढा. तुकडे अॅसिटोनमध्ये धुऊन मायक्रोस्कोपखाली धरले. कोपऱ्यापासून बाहेर पसरत गेलेल्या बारीक कमानी दिसल्या, ओहोटीच्या वाळूवर पाण्याच्या रेषा उरतात तशा. हा थकव्याचा तडा, लाखो हिसक्यांनी थोडा थोडा वाढत जाणारा. आणि सगळ्या कमानी एकाच जागी उगम पावत होत्या. त्या जागी पृष्ठभागावर केसासारखी काळी रेघ होती. तिथून आडवा छेद घ्यायचं ठरवलं.

छेदाचा तुकडा हातात धरता यावा म्हणून तो माउंटिंग प्रेसमध्ये प्लास्टिकच्या वडीत बसवतात, तोवर थांबावं लागतं. आमच्याकडचा नवा मुलगा त्या वेळात मोबाइल उभा करून डकार रॅलीचे, म्हणजे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या मोटारशर्यतीचे, आकडे बघत होता. सौदी अरेबियातल्या यानबूला शेवटचा टप्पा चालू होता.

"मॅडम, फेरारीवाल्या कार्लोस साइन्झचे वडील जिंकतायत," तो म्हणाला. "एकसष्ट वय आहे त्यांचं. तासाभराहून जास्त लीड आहे, आता काय होतंय?"

मी म्हटलं, शेवटची रेघ ओलांडू दे. त्याला ते विचित्र वाटलं असणार. माझ्यासाठी साइन्झ म्हणजे तो वडीलच, आणि त्याच्या बाबतीत 'आता काय होतंय' हे मी डिसेंबर 1998 नंतर म्हणू शकलेले नाही.

तेव्हा मी धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत कराडला घरी आले होते. वडिलांचं हायवेला गॅरेज. केबलवर ब्रिटनच्या रॅलीची क्षणचित्रं लागली होती. नोव्हेंबरात झालेली ती शर्यत, वर्षातली शेवटची. जगज्जेतेपदाचा दुसरा दावेदार टॉमी मॅकिनन पहिल्याच दिवशी बाद झालेला. एका जुन्या गाडीनं रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरून त्याचं मागचं चाक गेलं होतं. साइन्झला चौथा क्रमांक पुरेसा होता आणि तो चौथाच होता. वेल्समधल्या मार्गमचा शेवटचा टप्पा. शेवट पाचशे मीटरही उरला नव्हता आणि टोयोटा कोरोलाच्या पुढून धूर आला. गाडी थांबली. शेजारी बसलेला त्याचा वाटाड्या लुईस मोया ओरडत होता, "चालू करून बघ, कार्लोस!" स्पेनमध्ये ते वाक्य आजही म्हणीसारखं वापरतात. मग दोघं खाली उतरले आणि मोयानं हेल्मेट फेकून मागची काच फोडली. मॅकिनन हॉटेलात घरी जायची तयारी करत होता, तो बसल्या जागी जगज्जेता झाला. अठ्ठावन्न गुण त्याचे, छप्पन्न साइन्झचे.

वडील बनियनवर, हात ग्रीसनं भरलेले, दारात उभे राहून बघत होते. समालोचक काही सांगायच्या आधी ते म्हणाले, "कनेक्टिंग गेलं." तेच निघालं. दांडा तुटून ब्लॉकच्या बाहेर आला होता. आणि मग, माझ्याकडे न बघता, "ते आत्ता नाही तुटलं. कधीचं तुटत आलं असेल." त्या वर्षी मी थकव्याचा धडा पुस्तकातून पाठ केला होता. समजला तो दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडून.

तेव्हापासून साइन्झचा मागोवा ठेवत आले. माद्रिदचा, 1962 चा जन्म. आधी स्क्वॉश चांगलं खेळायचा, कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून रॅलीत आला. 1987 आणि 1988 ला स्पेनचा विजेता. 1990 मध्ये टोयोटा सेलिका घेऊन फिनलंडची हजार सरोवरांची रॅली जिंकला. तोवर तिथं उत्तरेकडच्या देशांबाहेरचा कोणीच जिंकला नव्हता. त्याच वर्षी जगज्जेता, 1992 ला पुन्हा. मग 1994 ला दुसरा, 1995 ला दुसरा, 1998 ला मार्गम. सव्वीस जागतिक रॅली जिंकलेला हा माणूस अनेकांना त्या पाचशे मीटरपुरताच आठवतो. मला ते अन्यायाचं वाटतं. गाडीची चाचणी किती कसून घ्यायची याबद्दल त्याचं नाव आहे. सस्पेन्शन, डिफरन्शियल, टायर, एकेका गोष्टीसाठी तो इंजिनिअरांच्या मागे लागायचा. त्या काळजीनं गाडीतलं जे जे हाताखालून जातं ते सुधारतं. बंद इंजिनातल्या दांड्याच्या आत मात्र कोणत्याही ड्रायव्हरला बघता येत नाही.

2004 ला अर्जेंटिनात शेवटची जागतिक रॅली जिंकून त्यानं ते पर्व संपवलं आणि वाळवंटात गेला. 2010 ला डकार जिंकला, अवघ्या दोन मिनिटं बारा सेकंदांनी. 2018 ला प्यूजोबरोबर, 2020 ला मिनीबरोबर. 2023 ला ऑडी उलटली आणि पाठीचे मणके मोडले. हेलिकॉप्टरमध्ये घातल्यावरही त्यानं परत फिरायला लावलं, गाडी दुरुस्त होते का बघायला. आणि आज पुन्हा तीच ऑडी.

हे मी त्या मुलाला सांगत होते तेव्हा प्रेस उघडायची वेळ झाली.

छेद घासला, पॉलिश केला, पोलादाची आतली रचना उघडी करणाऱ्या नायटल या आम्लाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. मायक्रोस्कोपखाली ती काळी रेघ तिरकी आत घुसलेली दिसली, पाव मिलिमीटरहून जरा खोल. रेघेच्या आत करडी ऑक्साइडची पपडी, आणि दोन्ही काठांना पांढरी पट्टी. तिथलं कार्बन उडून गेलेलं होतं. हे बघून मी खुर्चीत मागे टेकले. पोलादातलं कार्बन असं उडायला आठशे-हजार अंशांच्या वरचा ताप लागतो. चालू इंजिनात दांड्याभोवतीचं तेल शंभर-सव्वाशे अंशांवर असतं. म्हणजे ही चीर ट्रॅक्टरमध्ये पडलेलीच नव्हती. घणाखाली लालबुंद धातूची घडी दुमडली आणि चिकटली नाही. फोर्जिंगमधले लोक त्याला लॅप म्हणतात. दांडा बनवल्यावर होणाऱ्या चुंबकी तपासणीत ती दिसायला हवी होती, दिसली नाही. मशिनिंगला त्या जागेला हात लागत नाही, त्यामुळे ती तशीच इंजिनात गेली.

शेतकऱ्याच्या मुलानं पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा ती आत होतीच.

बाहेर आले. दोघं चहा न घेता बसले होते. मी दोघांना आत बोलावलं. रिपोर्ट सही होऊन जाईपर्यंत आम्ही निष्कर्ष तोंडी सांगत नाही, हा नियम मी पाळते. त्या दिवशीही आधी रिपोर्ट पूर्ण केला, आमच्या प्रमुखांची सही घेतली, संध्याकाळचे सव्वापाच झाले. मग मुलाला स्टूलवर बसवून मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. ही पांढरी पट्टी, ही पपडी. ही भट्टीतली आहे, रस्त्यावरची नाही.

तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, "म्हंजे मी गॅस आधी सोडला असता तर?"

"तरी तुटला असता. उद्या नाही तर परवा, कोणाच्याही हाती."

वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. वॉरंटीचं पुढं काय होईल हे माझ्या हातात नव्हतं, तसं मी सांगितलं. ते म्हणाले, "ते बगू आमी. कागद द्या." रिपोर्टची प्रत पिशवीत नीट आडवी ठेवली. तुकडे आमच्याकडे नोंदीनिशी ठेवून घेतले, गोणी त्यांनी घडी करून परत नेली.

साइन्झ दुपारीच जिंकला होता. लॅबमधल्या मुलानं छेद बघत असताना कानात सांगितलं, तेव्हा मी नुसती मान हलवली होती. चौथं डकार, सोबतीला चारही वेळा तोच वाटाड्या, लुकास क्रूझ. यंदा एकही टप्पा न जिंकता आख्खी रॅली जिंकला.

रात्री कराडला फोन लावला. वडील आता पंचाहत्तरीचे, ऐकायला कमी येतं, जोरात बोलावं लागतं. आधी त्या पोराचं सांगितलं. त्यांनी लॅप केवढा होता ते विचारलं. मग साइन्झचं सांगितलं. म्हटलं, गाडी विजेवर चालणारी होती, चाकं फिरवायला मोटरी, बॅटरी भरायला तेवढं आत पेट्रोलचं इंजिन.

"पेट्रोलचं?"

"हो, दोन लिटरचं, चार सिलिंडर."

पलीकडे थोडा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "म्हणजे चार कनेक्टिंग होती. टिकली म्हणायची."