आमची वाटचाल : मंडईतली मिरची ते गाडीवरची चटणी

आम्ही चटण्या बनवतो. भेळेची, पाणीपुरीची, वड्याची, दाबेलीची. पुण्यात मंडई, तुळशीबाग, शनिपार ह्या पट्ट्यात संध्याकाळी गाडीसमोर उभं राहून तुम्ही कधी भेळ खाल्ली असेल तर आमची चिंचेची चटणी तुमच्या पोटात गेली असण्याची बरीच शक्यता आहे, पण आमचं नाव कुठे दिसणार नाही, कारण आम्ही बाटलीला लेबल लावून विकत नाही, कॅनमधून गाडीवाल्याला देतो आणि चव त्याच्या नावाने ओळखली जाते. आणि ते बरोबरच आहे, कारण चटणी किती घालायची, आणि चुरमुरे मऊ पडायच्या आत प्लेट गिऱ्हाइकाच्या हातात कशी द्यायची ही कला त्याची.

लोक विचारतात ह्या धंद्यात कसे पडलात, तर त्याचं उत्तर मंडईत आहे, त्यामुळे आधी मंडईबद्दलच सांगते.

आत्ताची दगडी इमारत १८८६ ची. त्याच्या आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. इमारत बांधली वासुदेव बापूजी कानिटकरांनी, आणि नाव पडलं रे मार्केट, त्यावेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्यावरून. मधे अष्टकोनी भाग, त्यावर उंच मनोरा आणि तिथून चहूबाजूंनी बाहेर निघालेले लांब लांब हात, उंच छप्पर, त्यामुळे भर उन्हाळ्यातसुद्धा आत भाजी बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ ताजी राहते, हे मी दर एप्रिलमध्ये कोथिंबिरीवर बघते. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासद होते आणि मार्केटच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. काही जणांना हे विचित्र वाटतं, मला अजिबात वाटत नाही. फुले स्वतः माळी समाजातले, मांजरीला त्यांची शेती, भाजी पिकवणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं दुःख त्यांच्याइतकं कोणी मांडलंय? गव्हर्नरपेक्षा त्यांचं नाव तिथे शंभर पटीने जास्त शोभतं.

तर ह्या मंडईत माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, गाळा होता. मिरची, कोथिंबीर, पुदिना, आलं, लिंबू एवढाच माल. ह्या मालाची गंमत अशी की बटाटा-कांदा उद्या विकता येतो पण पुदिना नाही, संध्याकाळी जुडी उरली की सकाळी ती काळी पडलेली असते. सासूबाईंना, म्हणजे आईंना, हे वाया जाणं बघवायचं नाही, म्हणून त्या उरलेला माल घरी आणून निवडून पाट्यावर वाटायच्या, मीठ-जिरं घालून. पहिल्यांदा ही चटणी कोणी विकत घेतली तर गाळ्यासमोर भेळेची गाडी लावणाऱ्या एका काकांनी, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. त्यांच्या घरात वाटायला कोणी नव्हतं आणि त्यांना रोज डबाभर लागायची, एवढं साधं गणित. मग त्यांच्या शेजारचा भजीवाला, मग तुळशीबागेच्या तोंडाशी दाबेलीवाला. पाट्यावरून मिक्सर, मिक्सरवरून मोठा ग्राइंडर. मग उरलेला माल पुरेना म्हणून चटणीसाठी वेगळा, पहाटेचा ताजा माल घ्यायला लागले, आणि तिथून खरा धंदा सुरू झाला असं मी मानते.

अण्णा नेहमी सांगायचे की आधी मंडईत खायला मिळायचं ते हमालांसाठी. पहाटे मालाच्या गाड्या यायच्या, पाठीवर पोती, सकाळ व्हायच्या आत अर्धं काम झालेलं, त्या माणसाला भेळ घेऊन काय करायचंय, त्याला पोट भरायला पाहिजे. चहा, तर्री मारलेली मिसळ, भजी-पाव, झुणका-भाकर. हमालांना स्वस्तात चांगलं जेवण मिळावं म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, आणि ती नुसती पुण्यात नाही तर सगळ्या महाराष्ट्रात नावाजली गेली. सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली ती १९९५ नंतर, म्हणजे हमालांनी स्वतः उभं केल्यावर वीस वर्षांनी. आजकाल स्ट्रीट फूडच्या व्हिडिओत चीज ओतलेलं दाखवतात तेव्हा मला वाटतं की ह्या खाण्याचा पाया कोणासाठी घातला गेला हेही कोणीतरी सांगावं.

मग घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडईत किरकोळ विक्री राहिली. हमाल तिकडे गेले, पहाटेची गर्दी तिकडे गेली, आणि मंडईतलं खाणं हळूहळू बदललं. आता गिऱ्हाईक कोण तर तुळशीबागेत खरेदीला आलेल्या बायका, लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं अख्खं कुटुंब, क्लास सुटलेली पोरं. ह्यांना पोटभर नको, चटपटीत पाहिजे, आणि चार वाजल्यानंतर पाहिजे. मिसळवाले दुपारीच आवरायचे आणि त्याच जागेवर संध्याकाळी भेळ, पाणीपुरी, दाबेली, पॅटीस उभं राहायचं (पुण्यात गाडीवरचं पॅटीस म्हणजे ब्रेडमध्ये बटाट्याची भाजी, बेसनात बुडवून तळलेलं, बाहेरच्यांनी गोंधळू नये). वडापाव मुंबईचा, १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर सुरू झालेला, तोही इथे आला आणि त्याच्यामुळे आम्ही लसणाची कोरडी चटणी करायला लागलो. म्हणजे आमच्या प्रत्येक नवीन चटणीमागे मंडईतलं बदललेलं गिऱ्हाईक आहे, आम्ही घरात बसून काही शोधून काढलेलं नाही.

चिंचेच्या चटणीबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण आमचा सगळ्यात मोठा खप तिचाच. नवीन चिंच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येते, आम्ही नगर आणि बार्शीच्या बाजारातून घेतो आणि वर्षाचा माल तेव्हाच भरून कोल्ड स्टोरेजला ठेवतो, कारण साध्या गोडाऊनमध्ये चिंच पावसाळ्यानंतर काळी पडत जाते आणि चटणीचा तो लालसर रंग येत नाही. भिजवायची, शिजवायची, पल्परमधून काढायची, मग गूळ, खजूर, जिरं, काळं मीठ, थोडी सुंठ. गूळ महाग झाला की बाजारात साखर घालून काम भागवतात, ती चटणी जिभेवर गोड लागते पण भेळेत तिला अंग नसतं, पाण्यासारखी खाली उतरते आणि चुरमुरे भिजवते. गुळाची चटणी चुरमुऱ्याला धरून बसते. गाडीवाल्याला हा फरक पहिल्या प्लेटला कळतो. निघालेले चिंचोके आम्ही टाकत नाही, त्याच्या पावडरीची कापडाला खळ होते, त्यामुळे ते घेणारे व्यापारी ठरलेले आहेत आणि त्या पैशात हंगामात चिंच फोडायला येणाऱ्या बायकांच्या मजुरीचा चांगला भाग निघतो.

चिंचेची चटणी आंबट-गोड असल्याने टिकते, हिरवी टिकत नाही. म्हणून ती रोज पहाटे करायची, थंड करायची आणि दुपारी दोनच्या आत पोचवायची, शिल्लक राहिलेली दुसऱ्या दिवशी द्यायची नाही. हिरवा रंग आम्ही घालत नाही. संध्याकाळपर्यंत चटणी थोडी मंद दिसायला लागते आणि एखादा नवीन गाडीवाला तक्रार करतो, त्याला आम्ही सांगतो की पुदिना खरा असेल तर असंच होणार, लिंबू पिळ आणि बर्फाच्या भांड्यात ठेव. अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून लागू झाला तेव्हा बऱ्याच छोट्या लोकांनी धसका घेतला होता. आम्ही लायसन्स काढलं, पाण्याची तपासणी सुरू केली, धायरीला शेड घेऊन स्टीलची भांडी, टाइल्स, हेअरनेट सगळं केलं, खर्च जड गेला पण त्यामुळे आमच्यावर अवलंबून असणाऱ्या गाड्यांची निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी पाण्याची आणि बर्फाची. पावसाळ्यात कावीळ, टायफॉइड पसरतो तो चटणीपेक्षा जास्त पाण्यातून, म्हणून जून महिन्यात आम्ही आमच्या सगळ्या गाडीवाल्यांना गाळ्यावर बोलावून पाणीपुरीचं पाणी फिल्टरच्या पाण्यातच करायचं, मालाला लावायचा बर्फ खाण्यात घालायचा नाही हे दरवर्षी परत परत सांगतो. बाहेरचं खाणं म्हणजे घाण असं सरसकट बोलणाऱ्यांचा मला राग येतो. मंडईच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवरचा कांदा, कैरी, कोथिंबीर, लिंबू त्याच दिवशी घेतलेलं असतं, कारण माल साठवायला तिथे जागाच नसते. किती हॉटेलांबद्दल असं सांगता येईल?

पैशाबद्दलही लिहायलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कॅफे चेनने आमच्याकडून चटण्या घ्यायला सुरुवात केली, मोठी ऑर्डर, ईमेल, पीओ म्हणजे लेखी खरेदी-ऑर्डर, सगळं व्यवस्थित, आणि पेमेंट कित्येक महिने नाही. त्याच काळात गाडीवाले रात्री गाडी आवरली की कॅन परत करायचे आणि हिशोब चुकता करायचे, कोणी शंभर रुपये कमी दिले तर दुसऱ्या दिवशी न सांगता जोडून द्यायचे. बँक ह्या लोकांना बघून तोंड फिरवते, पण माझ्या वहीत सगळ्यात स्वच्छ खाती त्यांचीच आहेत. म्हणून मी चेनवाल्यांना आता ॲडव्हान्स घेतल्याशिवाय माल देत नाही आणि गाडीवाल्याला उधारी देते.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळंच थांबलं. वर्षाची चिंच नुकतीच भरलेली, पैसे अडकलेले, आणि गिऱ्हाईक म्हणजे ज्या गाड्या त्या घरात उभ्या. आईंनी तेव्हा सांगितलं की कोणाकडे मागची बाकी मागायची नाही, आणि आम्ही नाही मागितली. चिंचेच्या आणि लसणाच्या चटणीचे छोटे डबे भरून सोसायट्यांमध्ये विकले, त्याच्यावर कामगारांचे पगार निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं, आमच्या शेडमध्ये बसून माझ्या मुलीने कित्येकांचे फॉर्म ऑनलाइन भरून दिले. गाड्या परत लागल्या तशी बाकीही आली, जवळजवळ सगळ्यांची.

नंतर मेट्रोचं काम. मंडईचं स्टेशन जमिनीखाली, आणि ते होईपर्यंत खोदकाम, पत्रे, धूळ, वळवलेले रस्ते, गाड्यांच्या जागा कितीदा हलल्या. सप्टेंबर २०२४ ला स्टेशन सुरू झालं आणि आता पिंपरी-चिंचवडची माणसं सहज संध्याकाळी उतरून तुळशीबाग फिरून भेळ खाऊन परत जातात, जे आधी पार्किंगच्या भीतीने येतच नव्हते. खप वाढलाय, हे स्पष्ट सांगते.

वर्षातला सगळ्यात मोठा काळ गणपतीचा. शारदा-गजाननाच्या, म्हणजे मंडईच्या गणपतीच्या, दर्शनाला रात्रभर रांगा, आणि अनंत चतुर्दशीला मिरवणूक निघते तीच मंडईतून, टिळक पुतळ्यापासून. हा पुतळा १९२४ चा, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवलेला. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि खाणाऱ्यांची गर्दीही तेवढीच, रस्ते बंद म्हणून टेम्पो आत जात नाही, मग आमची पोरं डोक्यावर कॅन घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून पोचवतात. त्या दहा दिवसांसाठी आम्ही जुलैपासून तयारीला लागतो.

मुलगी म्हणते आता बाटलीत भरून आपल्या नावाने विकूया, परदेशातल्या मराठी लोकांकडून विचारणा येतात. चिंचेच्या चटणीचं करायला हरकत नाही, त्याच्या चाचण्या चालू आहेत. हिरवी मात्र मंडईच्या बाहेर फार लांब जाणार नाही, ती बाटलीत घालायची तर काहीतरी मिसळावं लागेल आणि ते मला मंजूर नाही. अण्णांचा गाळा आम्ही अजून ठेवलाय. मिरची-कोथिंबीर तिथेच विकतो आणि सकाळी सात ते नऊ कॅनच्या ऑर्डरी घेतो. नवीन गाडी लावणारा कोणी असेल तर त्या वेळात या, आधी चव बघा, पहिल्या आठवड्याचा माल उधार मिळेल.