खाण बंद झाली, पण भंगारात गेली नाही

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, वाढलेल्या पोराला कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं भट्टीचं इंधन) म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, आवारात ढीग पडलेला असायचा आणि कुपोला (कोकवर लोखंड वितळवायची उभी भट्टी) पेटली की वास लांबपर्यंत यायचा. आता बऱ्याच जणांनी विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेस घेतल्यात, त्यामुळे ते ढीगही कमी झाले.

जर्मनीत एस्सेन शहरात झोलफेराइन नावाची दगडी कोळशाची खाण होती, ती या कोकपायीच सुरू झाली. फ्रान्झ हानिएल या उद्योजकाला लोखंडासाठी कोक हवा होता, म्हणून त्यानं १८४७ ला खाण काढली आणि १८५१ पासून कोळसा वर यायला लागला. पुढं १९३२ साली शाफ्ट १२ (कोळसा वर आणायची उभी विहीर आणि तिच्यावरच्या इमारती) चालू झाला, आणि माझा जीव अडकलाय तो यातच. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर हे त्याचे आर्किटेक्ट. लाल विटा, पोलादी सांगाडा, उगाच नक्षी कुठं नाही, सगळं सरळ रेषेत, आणि या एका शाफ्टातून दिवसाला १२,००० टन कोळसा निघायचा. कारखानासुद्धा देखणा बांधायचा असतो हे त्या दोघांना कळलं होतं बघा. अर्थात महायुद्धात इथं परदेशी कैद्यांना जुंपून कोळसा काढला, तेही विसरून चालणार नाही.

नंतर बाहेरचा कोळसा स्वस्त पडायला लागला, तेल आलं, आणि २३ डिसेंबर १९८६ ला खाण बंद. आपल्याकडं असतं तर दुसऱ्या दिवशी गॅस कटर लागला असता. तिथं राज्य सरकारनं जागा विकत घेतली, इमारती दुरुस्त केल्या, कोळसा धुवायच्या इमारतीत म्युझियम केलं आणि २००१ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. त्याच २००१ साली आपल्या कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण बंद पडली, तिथं खाली पाणी भरलं, आणि हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

पाण्याचं तर रूर भागात, जिथं हे एस्सेन आहे, असंय की खाणींमुळं जमीन काही ठिकाणी वीस मीटरपेक्षा जास्त खचलीय, पाणी उपसणारे पंप थांबवले तर वस्त्यांत पाणी शिरेल, म्हणून २०१८ ला तिथली शेवटची कोळशाची खाण बंद झाल्यावरही पंप चालूच आहेत आणि कायम चालू ठेवावे लागणार. त्या खर्चासाठी वेगळं फाउंडेशनच काढलंय.

आपल्या बेळगावात कुणाच्या शेडमध्ये जुनी कुपोला अजून उभी असेल तर विकायच्या आधी मला कळवा. निदान फोटो काढून, मापं घेऊन, तिच्यावर काम केलेल्या मोल्डर (साचे करणाऱ्या) लोकांशी बोलून ठेवूया.