पद्मिनीचं कॉम्प्रेशन: तीन नंबरचं कोडं सुटलं

तीन नंबर सापडला! माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 7.3 वरून वाढवायचा आहे. त्यासाठी मागच्या नोंदीत हेडमधल्या चारही चेंबरचे (मिश्रण पेटतं त्या खोलगट जागांचे) आकडे दिले होते: एक, दोन आणि चार 36.3 ते 36.5 सीसीच्या आत, आणि तीन नंबर एकटा 37.8. त्यासाठीच हेड फेसिंगला (पृष्ठभाग घासायला) पाठवायचं थांबवलं होतं. हा फरक ठेवून हेड घासलं असतं तर तीन सिलिंडर 8.1 वर आणि एक 7.9 वर आलं असतं. एवढा खटाटोप करायचा तर चारही सारखी हवीत.

पहिला संशय मोजण्यावरच होता. चेंबरवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि भोकातून ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) द्रव भरून मोजायचं, अशी ही पद्धत. पट्टी 5 मिलिमीटरची होती, ती दाबली की किंचित वाकते, म्हणून 10 ची आणली. ग्रीसचा थर पातळ केला. हेड जरा तिरकं ठेवून भोक सगळ्यात वर आणलं, म्हणजे बुडबुडा अडकत नाही. व्हॉल्व्ह गळतात का हे बघायला रॉकेल भरून रात्रभर ठेवलं, पातळी हलली नाही. आकडा 37.8 च. (प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातली 50 मिलीची ब्युरेट घ्याच. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने हे काम होत नाही, रबरी दट्ट्यामुळे प्रत्येक वाचन वेगळं येतं.)

धागा हाती लागला तो हेडच्या दुसऱ्या बाजूला. रॉकर शाफ्ट साफ करताना दिसलं की तीन नंबरचे दोन्ही टॅपेट स्क्रू (व्हॉल्व्हची फट जुळवणारे) बाकीच्यांपेक्षा बरेच वर फिरवलेले होते. व्हॉल्व्हच्या दांड्या हेडच्या वरच्या अंगाला जास्त बाहेर, याचा अर्थ खाली त्यांचे माथे जास्त आत! लगेच डेप्थ गेज लावला. इतर व्हॉल्व्हपेक्षा हे दोन जवळपास एक मिलिमीटर खोल. दोन्ही माथ्यांचं क्षेत्रफळ मिळून साधारण 13 चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला 1.3 सीसी. हिशेब जुळला तेव्हा झालेला आनंद अजून टिकून आहे.

जुन्या कुठल्यातरी कामात त्या दोन व्हॉल्व्हच्या सीटवर (माथा टेकतो त्या कडेवर) कटर वाजवीपेक्षा जास्त फिरला असणार. लॅपिंगने (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवण्याने) हे भरून येत नाही, सीट रिंगाच बदलाव्या लागतात. बोअरिंगवाल्यांनी जुन्या रिंगा काढल्या, हेड तापवून आणि नव्या रिंगा गार करून बसवल्या, मग सीट बाकीच्यांच्या पातळीला कापली. ॲल्युमिनियमच्या हेडवर हे काम घाईच्या माणसाकडे देऊ नका. रिंगा नाना पेठेत मिळाल्या. आता तीन नंबर 36.5.

आता मूळ गणिताकडे. बोअर 68, स्ट्रोक 75, म्हणजे एका सिलिंडरला 272.4 सीसी. सध्याच्या 7.3 साठी पिस्टनच्या वर 43.2 सीसी जागा राहते, मूळ बेतातल्या 8.5 साठी 36.3. जवळपास 7 सीसी कमी करायचे. माझ्या हेडच्या चेंबरचं तोंड 30 चौरस सेंटीमीटर आहे. नुसतं हेड घासून हे साधायचं तर 2.3 मिलिमीटर काढावे लागतील, आणि हे हेड आधीही फेसिंग झालेलं दिसतंय. तो विचार सोडला.

बदललेला बेत असा. टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या बिंदूला, पिस्टन ब्लॉकच्या 0.6 मिलिमीटर खाली राहतोय. ब्लॉकचं फेसिंग 0.4 चं केलं तर 1.45 सीसी सुटतात, शिवाय स्क्विशची फट (पिस्टनचा काठ आणि हेड यांमधली) आवळते, त्याने नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांना) आळा बसतो. हेडवरून 1.2 काढले की आणखी 3.6. एकूण जागा 38.15, रेशो 8.1. हे लिहिताना वाटतंय की हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट) 1.2 ऐवजी 1.0 चं घेतलं तर 8.3 होतो. पण पातळ पॅकिंग आणि जुने स्टड हा मेळ मला पटत नाही. 8.1 वर थांबतो.

एवढ्यानेही आदर्श ऑटो सायकलची (पेट्रोल इंजिनाच्या सैद्धांतिक चक्राची) कार्यक्षमता सापेक्ष साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. रस्त्यावर त्याहून कमीच मिळेल, पण चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीत तेवढंही कळतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही इंजिनं बाहेर पडत होती तेव्हा पंपावर 87 ऑक्टेनचं पेट्रोल मिळे (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखायची क्षमता). आजच्या ई20 चा (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) दर्जा 95 चा आहे. 7.3 वर ते ऑक्टेन वाया जातं. मात्र इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक पायरी मोठा, आणि पेट्रोलचे रबरी पाइप व पंपाचा डायफ्राम इथेनॉल झेलणारे हवेत.

आपल्या इंजिनाचा मोठा फायदा म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये आहे. ओव्हरहेड कॅमच्या गाडीत हेड घासलं की व्हॉल्व्ह टायमिंग मागे पडतं, इथे तो प्रश्नच नाही. पण हेड 1.6 मिलिमीटर खाली येणार, त्यामुळे पुशरॉड (कॅमचा जोर वर रॉकरपर्यंत नेणारे दांडे) तेवढे लांब ठरतात. आधी रॉकर स्टँडखाली पत्र्याच्या शिम घालणार होतो. आता पुशरॉडच आखूड करून घ्यावेत असं वाटू लागलंय, त्याने स्टँडची पकड घट्ट राहील. कुणी केले असतील तर टोकाची कप कशी बसवली ते सांगा.

ब्लॉक पुढच्या आठवड्यात फेसिंगला जाईल. त्यानंतर पिस्टनवर मुलांची खेळायची माती थापून हेड कसायचं आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा. इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला 2.5 मिलिमीटर जागा उरली तर पुढे. कमी भरली तर हेडवरून 1.2 ऐवजी 0.9 च काढायचे, मग रेशो 8.0 राहिला तरी चालेल.