दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ५.१ : कामाच्या नोंदी

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि बेससाठी (खालच्या सुरांसाठी) एक सबवूफर; घरी सिनेमा बघायला ते बसवतानाच्या या नोंदी. खोली आतून मोजून दहा बाय बारा, उंचीही दहा फूट. विटांच्या भिंती, प्लास्टर, वर आरसीसी स्लॅब, खाली फरशी. रस्त्याकडचं दार डाव्या लांब भिंतीत, त्याच्यासमोरच्या भिंतीत कूलरची खिडकी, स्वयंपाकघराचं दार मागच्या भिंतीच्या मधोमध. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या कॉलन्यांमध्ये पुढची खोली बरीचशी अशीच असते, म्हणून इथले आकडे थोड्याफार फरकाने इतरांच्याही उपयोगी पडतील.

खर्चाचा क्रम आधी ठरवला: बसायची जागा आणि सबवूफरची जागा पहिली, भिंती नंतर, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र) आणि स्पीकर त्यानंतर. एवढ्या लहान खोलीत महागडा स्पीकर चुकीच्या जागी ठेवला, तर तो स्वस्त स्पीकरपेक्षाही वाईट वाजतो. जागा बदलायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करायची.

मापं आणि बसायची जागा

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर बारा फुटांच्या लांबीत पहिला घुमारा (दोन भिंतींमध्ये घुमून फुगणारा सूर) ४७ हर्ट्झला बसतो आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला. उंचीही दहाच फूट असल्याने तिचाही घुमारा ५६ वरच येतो. दोन घुमारे एकाच आकड्यावर आले की त्या एका सुरावर खोली फुगते. मग स्फोट असो, ढोल असो की ट्रकचं इंजिन, सगळ्याचा आवाज सारखाच ‘बूंऽऽ’ असा येतो. रुंदी आणि उंची सारखी असलेल्या प्रत्येक हॉलमध्ये हे होणार. सबवूफर बदलून ते जात नाही.

टीव्ही दहा फुटांच्या आखूड भिंतीवर घेतला. ५५ इंची पडद्याची रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर असते आणि साडेसात फुटांवरून तो ३० अंशांचा कोन व्यापतो. सिनेमासाठी हे किमान बरं अंतर. साडेसात फुटांवर डोकं आलं की मागच्या भिंतीपर्यंत साडेचार फूट उरतात, म्हणजे लांबीच्या जवळपास ३८ टक्के. खालच्या सुरांसाठी नेमकी हीच जागा सुरुवातीला धरतात. पडदा आणि आवाज दोघांना एकच जागा मानवली, हे या खोलीचं भाग्य.

दिवाण मागच्या भिंतीला टेकवायची सवय घराघरात आहे, पण त्या भिंतीशी लांबीच्या प्रत्येक घुमाऱ्याचा दाब सर्वांत जास्त असतो, त्यामुळे तिथे बेस फुगलेला आणि संवाद गढूळ ऐकू येतात. अगदी मधोमध, सहा फुटांवर बसलं तर ४७ हर्ट्झ जवळजवळ गायब. मागच्या भिंतीपासून बरोबर तीन फुटांवर ९४ हर्ट्झचा खड्डा येतो. चार ते साडेचार फुटांची पट्टी सर्वांत सुरक्षित. घरच्यांना हे पटवायला एक मुद्दा कामाचा आहे: दिवाण पुढे आला की स्वयंपाकघराची ये-जा त्याच्या मागून होते, पडद्यासमोरून कोणी जात नाही.

सबवूफर

रूढ सल्ला कोपऱ्याचा. कोपऱ्यात आवाज वाढतो हे खरं, पण तिथून तिन्ही दिशांचे घुमारे पूर्ण ताकदीने उठतात आणि या खोलीत ५६ ची अडचण दुप्पट होते. म्हणून सब पुढच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर, टीव्हीच्या खाली जमिनीवर ठेवला. रुंदीच्या घुमाऱ्याचा दाब मध्यावर शून्य असतो, त्यामुळे तिथून तो उठतच नाही. उंचीचा उरतो, पण बसलेल्या माणसाचे कान साधारण साडेतीन फुटांवर असतात, तिथे तो निम्म्यावर आलेला असतो.

त्यासाठी टीव्ही युनिट काढावं लागलं. टीव्हीचा मध्य जमिनीपासून ४२ इंचांवर, खालची कड साधारण साडेअठ्ठावीसवर. तिच्याखाली छोट्या फळीवर सात इंच उंचीचा सेंटर स्पीकर, पुढची बाजू थोडी वर, कानाच्या दिशेने तिरकी. त्याखाली अठरा इंचांपर्यंतचा सब सहज मावतो.

दाराची, खिडकीची जागा वेगळी असेल तर रांगण्याची जुनी पद्धत वापरा. सब उचलून दिवाणावर, डोक्याच्या जागी ठेवायचा, बेसचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर फिरत कान जमिनीजवळ नेऊन ऐकायचं. जिथे प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या जोराने ऐकू येतो, तिथे सब ठेवायचा. सर्वांत जास्त आवाज कुठे येतो ते शोधायचं नाही, हे लक्षात असू द्या.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो तो आकडा, ८० हर्ट्झ; रिसीव्हरमध्ये पुढचे-मागचे सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (त्यांचा बेस सबकडे). सबच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवून ठेवायचं, नाहीतर रिसीव्हरची गाळणी (फिल्टर) आणि सबची गाळणी एकावर एक बसून ८० च्या आसपास खड्डा पडतो. फेजसाठी (सबची आणि स्पीकरांची लाट जुळवायला) ८० हर्ट्झचा सूर पुढच्या स्पीकर्ससकट लावायचा आणि ० व १८० यांपैकी ज्यात दिवाणावर आवाज मोठा येईल ते ठेवायचं.

पुढचे आणि बाजूचे

डावा-उजवा एकमेकांपासून साडेसहा फुटांवर, समोरच्या भिंतीपासून फूटभर पुढे, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा भोंगा) कानाच्या उंचीवर. कोन साधारण २६ अंश पडतो. २२ ते ३० च्या आत असला की पुरे. आणखी लांब नेले तर बाजूच्या भिंतीला चिकटतात. सराउंड (बाजूचे दोन स्पीकर) दिवाणाच्या बाजूला किंचित मागे, १०० ते ११० अंशांवर, कानापेक्षा फूट-दीड फूट वर. दाराच्या बाजूचा भिंतीवर ब्रॅकेटने. स्टँड ठेवला तर येता-जाता धक्का लागतो. अ‍ॅटमॉसचे छतातले (डोक्यावरून आवाज देणारे) स्पीकर घेतले नाहीत. तयार आरसीसी स्लॅबला त्यासाठी भोकं पाडायची नाहीत.

वॅटच्या आकड्यांबद्दल एकच सांगणं: पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) वाचूच नका. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॅटला मीटरभरावर मिळणारा आवाज) स्पीकर आणि खरे आरएमएस (सतत मिळणारे) ५० वॅट एवढ्या खोलीला भरपूर आहेत.

वायरिंग

८ ओमच्या स्पीकरला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर पंधरा मीटरपर्यंत चालते. ४ ओमचा स्पीकर असेल तर अडीचची घ्या. लाल-काळ्याची जोडी सगळीकडे सारखी ठेवा. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज बंद होत नाही. बेस पातळ होतो आणि मधला आवाज भरकटतो, त्यामुळे दोष पटकन सापडत नाही.

एचडीएमआयसाठी भिंतीत २० मिलिमीटरचा पाइप टाकला तर केबलचं डोकं आत जात नाही. ३२ चा घ्यावा, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड लावावा आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवावी. झिरी मारायची नसेल तर केसिंग-कॅपिंगची पट्टी पुरते. लाइटची वायर आणि स्पीकरची वायर एका पट्टीत नको. फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

टीव्हीवरून रिसीव्हरला आवाज आणायला ईएआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरला परत पाठवणारी एचडीएमआयची सुधारित सोय) असलेला पोर्ट वापरावा. साध्या एआरसीवर ओटीटीचा अ‍ॅटमॉस येतो, ब्ल्यू-रेचा लॉसलेस (काटछाट नसलेला) आवाज येत नाही. ऑप्टिकल केबलवर डॉल्बी डिजिटल ५.१ पर्यंतच.

भिंती : कापसाचे पॅनेल

रिकाम्या खोलीत हिशेबाने आवाज सव्वातीन सेकंदांहून जास्त रेंगाळतो. लक्ष्य ०.४ सेकंद. ३४ घनमीटरच्या खोलीला त्यासाठी साधारण १४ चौरस मीटर पूर्ण शोषण (आवाज पूर्ण गिळणारा तेवढा पृष्ठभाग) लागतं. दिवाण आणि माणसं मिळून दोन-सव्वादोन, जाड चुण्यांचे पडदे पावणेतीन, सतरंजीखाली गोधडी घातली तर एक-सव्वा. उरलेलं पॅनेलने भरायचं.

रॉकवूल मिळतं, पण आपल्याकडे पिंजलेला कापूस गादीवाल्याकडे हातासरशी मिळतो आणि काम तितकंच चांगलं करतो. दोन बाय चार फुटांची, चार इंच खोल पाइनवुडची चौकट, प्रत्येकीत अडीच किलो कापूस. ही भरती नीट लक्षात ठेवा. दीड किलो घातला तर पोकळ राहतो. चार किलो कोंबला तर वरचा आवाज पृष्ठभागावरून परत फिरू लागतो. पुढे-मागे मांजरपाट. कापड पारखायची सोपी रीत: तोंडाला लावून फुंकायचं, हवा पलीकडे सहज गेली पाहिजे. रेक्झिन किंवा जाड सोफ्याचं कापड लावलं की पॅनेल निकामी.

उभ्या चौकटीत कापूस हळूहळू खाली बसतो आणि वरचा भाग रिकामा होतो. उपाय गादीचाच: दर सात-आठ इंचांवर आरपार टाके. जिथे टाका पडतो तिथे कापूस किंचित दबतो, कापडावर खळी दिसते आणि शेजारच्या टाक्याशी ताण सारखा आला की आतला थर जागचा हलत नाही. भरण्यापूर्वी वजनाच्या दहा टक्के, म्हणजे पॅनेलमागे अडीचशे ग्रॅम बोरिक पावडर कापसात नीट मिसळा. कीड लागत नाही आणि ठिणगी पडली तर धुमसणं मंदावतं. तरीही स्विचबोर्ड आणि देवघराच्या दिव्यापासून पॅनेल लांबच. पाठीमागे उंदराला शिरायला फट राहता कामा नये, खालची कड जमिनीपासून फूटभर वर असू द्या.

असे आठ पॅनेल. बाजूच्या भिंतींवर दोन-दोन, मागच्या दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक, पुढच्या दोन कोपऱ्यांत तिरके एकेक. भिंतीपासून दोन इंचांचा लाकडी गुटका ठेवून टांगले की तेवढ्याच कापसात आणखी खालपर्यंत शोषण मिळतं. जागा आरशाने ठरते: एकाने दिवाणावर बसायचं, दुसऱ्याने ट्वीटरच्या उंचीवर आरसा भिंतीला टेकवून सरकवत न्यायचा, आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथे पॅनेलचा मध्य. डावीकडे ती जागा नेमकी दारावर आली, म्हणून तिथे एक पॅनेल शेजारी सरकवलं आणि दारावर जाड पडदा लावला.

पॅनेलने ५० हर्ट्झ आवरत नाही. त्या लहरीची चौथाई लांबीच पावणेदोन मीटर भरते. खालचं काम सबच्या जागेने आणि ईक्यूनेच (एकेका सुराचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) करायचं. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती आणि लाकडी सरांचं (तुळयांचं) छत असतं. लाकूड बेसबरोबर थोडं हलतं आणि काही ऊर्जा खातं, त्यामुळे असं घर असणाऱ्यांनी पॅनेल कमी करून आधी ऐकून बघावं.

मोजणी

खोलीतला आवाज मोजणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे, सोबत कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक हवा. मोबाइलच्या अ‍ॅपवर स्पीकरचे आवाज एकमेकांशी जुळवता येतात, पण ४० हर्ट्झच्या खाली त्याच्यावर विसंबू नका. प्रत्येक चॅनेल रिसीव्हरच्या टेस्ट टोनवर ७५ डेसिबल.

ईक्यूने उंचवटे कापायचे, खड्डे भरायचे नाहीत. दहा डेसिबलचा खड्डा भरायला दहापट ताकद लागते आणि खड्डा तरीही उरतो, कारण तिथे लाटा एकमेकींना मारत असतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी परदेशी गाइडांत सापडत नाही. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. जानेवारीत खोलीत १५ अंश असताना रुंदीचा घुमारा ५६ हर्ट्झच्या खाली असतो, मे महिन्यात ३८ अंशांना तो ५८ वर सरकतो. हिवाळ्यात बसवलेली अरुंद गाळणी उन्हाळ्यात शेजारच्या सुराला कापते. गाळणीचा क्यू (अरुंदपणाचा आकडा) ४-५ च्या वर नेऊ नका, किंवा दोन प्रीसेट ठेवा.

मोजणीनंतर खडखड शोधायची. २० ते २०० हर्ट्झचा सूर अगदी सावकाश फिरवायचा आणि खोलीभर हात लावत हिंडायचं. इथे शोकेसची काच, पडद्याच्या रॉडच्या कड्या आणि कूलरची पत्र्याची बाजू वाजत होती. काचेला फेल्ट, कड्यांत रबर, पत्र्याला आतून बिटुमेनची पट्टी.

कूलर, उष्णता, वीज

कूलर फुल असला की बसायच्या जागी साठीच्या वर डेसिबल जातात आणि संवाद त्यात बुडतात. आवाज वाढवला तर स्फोट असह्य होतात. सेंटर दोन-तीन डेसिबलने वाढवणं, डायनॅमिक रेंज कमी करणारा नाइट मोड लावणं आणि कूलर मधल्या स्पीडवर ठेवणं हा तोडगा. स्टँडच्या पायांखाली जाड रबर घातलं की पंख्याची घरघर ग्रिलमधून भिंतीत जात नाही. कूलरचा झोत स्पीकरवर येऊ देऊ नका. ओलाव्याने एमडीएफ फुगतं आणि उघड्या तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो. टोकांना बनाना प्लग लावा किंवा दर उन्हाळ्यानंतर सेंटिमीटरभर नवी वायर सोला.

बऱ्याच रिसीव्हरच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४३-४४ असताना बंद कपाटात तो प्रोटेक्शनमध्ये जाणारच, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडणारच. वर किमान सहा इंच मोकळे, दारं नसलेला खण, आणि मागे १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर. तेवढ्यावर तो ऐकू येत नाही.

लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. साइन वेव्हच हवा. सतत ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर आधी डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप (यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह) आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, तरी उरली तर केबलला आयसोलेटर. प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापू नका.

अर्थिंगही तपासा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपपासून सुटते आणि रोध वाढतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर खड्ड्यात मीठ-कोळशाची भर आहे का ते वायरमनकडून बघून घ्या आणि मार्चपासून आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओता.

सध्या कुठे आहे

पुढचे तीन, सब, सराउंड, आठ पॅनेल आणि वायरिंग पूर्ण. उरलंय ते मागच्या दाराचं. दार बंद असताना आणि उघडं असताना ६० हर्ट्झच्या खाली आलेख वेगळा येतो, म्हणून दोन्ही स्थितींत मोजून मधली गाळणी बसवायची आहे. त्यानंतर दुसरा सब, मागच्या भिंतीजवळ. दार मधोमध असल्याने तो नेमक्या मध्यावर मावत नाही. दाराच्या उजवीकडे, चौकटीला जमेल तितका चिकटवून, पहिल्याशी वेळ जुळवून मोजणार.