लेकीचा प्रोटॉनचा शेक : माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या देवळी तालुक्यात कुणाच्या घरी कॅन्सर निघाला की आता फोन मला येतो. विचारणं बहुतेक एकच असतं. "भाऊ, तुमच्या पोरीला देल्ला तो प्रोटॉनचा शेक आमच्या माणसाले भेटंल काय? वावर इकाव लागलं तरी इकतो." शेक म्हणजे कॅन्सरवरचा किरणांचा उपचार, रेडिएशन. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. सकाळी उठली की डोकं दुखायचं, मग उलटी व्हायची, आणि उलटी झाली की बरं वाटायचं. एका दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्याने चष्म्याचा नंबर काढून दिला. सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या आधीच्या पूजेच्या दिवशी सगळे वावरात होतो, तर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन ओळींमधून पोरीला सरळ चालता येईना. एका बाजूला झुकायची, झाडाला धरायची. माझ्या आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "हे पित्त नाही होय बापू, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात ने."

एमआरआयमध्ये लहान मेंदूत गाठ दिसली. नागपूरला ऑपरेशन झालं, तपासणीत मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूचा कॅन्सर, निघाला. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला. आमचं रेशनकार्ड शुभ्र आहे, पण वर्धा हा शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांपैकी एक असल्याने तेव्हा शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा जोडून ही योजना मिळायची. अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशिम, बुलढाण्याच्या लोकांनाही हे लागू होतं. 2024 पासून तर राज्यात कोणत्याही रंगाच्या कार्डाला ही योजना आहे. कितीतरी जण "आपलं कार्ड पांढरं" म्हणून विचारायलाच जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

गाठ काढली म्हणजे काम संपलं, असं या आजारात नसतं. याच्या पेशी मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यातून पसरू शकतात. म्हणून कमरेतलं पाणी तपासतात, पूर्ण मणक्याचा एमआरआय करतात, आणि ते चांगलं आलं तरीही पूर्ण मेंदूला व पूर्ण पाठकण्याला शेक द्यावा लागतो. गाठीच्या जागी वरून जास्तीचा. तोही ऑपरेशननंतर साधारण पाच-सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. नागपूरच्या डॉक्टरांनी इथे पहिल्यांदा प्रोटॉनचं नाव काढलं आणि नवी मुंबईत खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या अॅक्ट्रेक केंद्रात जायला सांगितलं. भारतात ही सोय आधी चेन्नईला अपोलोमध्ये 2019 साली सुरू झाली. खारघरला पहिला रुग्ण 2023 मध्ये घेतला.

तिथल्या मॅडमनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनाने जे काढून दाखवलं, ते मी अजून कुणालाही तसंच काढून दाखवतो. बाजूने दिसणारं माणसाचं धड, पाठीत मण्यांची ओळ. एक रेघ पाठीतून घुसली, मणक्यातून गेली, छाती-पोट ओलांडून पुढून बाहेर पडली. हा नेहमीचा एक्स-रेचा शेक. वाटेत हृदय, फुप्फुस, आतडी, गळ्यातली थायरॉइडची गाठ, सगळ्यांना थोडा थोडा लागत जातो. दुसरी रेघ पाठीतून आत गेली आणि मण्याच्या पुढच्या कडेला थांबली. ती प्रोटॉनची. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. सायक्लोट्रॉन नावाच्या मशीनमध्ये त्याला प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेग देतात. वेग जेवढा दिला तेवढ्या खोलीपर्यंत तो जातो, थांबता थांबता सगळ्यात जास्त ताकद टाकतो, आणि त्याच्या पुढे जवळजवळ काहीच जात नाही. याला ब्रॅग पीक म्हणतात. याचा उपयोग कॅन्सरसाठी होईल हे रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1946 मध्येच लिहून ठेवलं होतं.

मी विचारलं, "म्हणजे हा जास्त पावरफुल आहे ना मॅडम?" त्या म्हणाल्या, "नाही. गाठीवर काम दोन्हींचं सारखंच. फरक आहे तो आजूबाजूच्या चांगल्या अवयवांना किती लागतो त्याचा. तुमच्या मुलीला अजून साठ-सत्तर वर्षं जगायचंय, म्हणून तो फरक मोठा." आणखीही एक गोष्ट त्यांनी न लपवता सांगितली. पूर्ण मेंदूला जो डोस द्यायचा तो कशानेही दिला तरी द्यावाच लागतो, त्यामुळे अभ्यासात थोडं मागे पडणं, वाढीच्या हार्मोनवर परिणाम होणं, हे प्रोटॉनने पूर्ण टळत नाही. वाढत्या वयात मण्याचा अर्धाच भाग शेकला तर मणका वाकडा वाढू शकतो, म्हणून लहान मुलांत मणी पूर्णच घेतात, आणि धडाची उंची थोडी कमी राहते. हे ऐकून तिची आई तिथेच रडली. पण मला बरं वाटलं की कुणीतरी आम्हाला पूर्ण सांगितलं.

उठताना मॅडम म्हणाल्या, "वेळेत नंबर लागला नाही तर प्रोटॉनसाठी थांबायचं नाही. साध्या मशीनवर सुरू करायचं. उशीर झाला तर जास्त नुकसान होईल." माझ्या मते पूर्ण प्रवासात ऐकलेलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच.

आमचा नंबर वेळेत लागला. डोकं हलू नये म्हणून आधी चेहऱ्याचा साचा, म्हणजे मास्क, घेतला. जाळीचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकला की कापडासारखा मऊ होतो. तो पोरीच्या चेहऱ्यावर ताणून बसवला, दोघांनी कडा दाबून धरल्या, काही मिनिटांत तो कडक झाला. काढल्यावर कपाळावर, गालावर बारीक चौकटी उठल्या होत्या. पहिल्या दिवशी ती फार भ्याली. अगदी लहान मुलांना रोज भूल देतात. आमच्या पोरीला तिथल्या सिस्टरने मास्क हातात देऊन आधी खेळू दिलं, त्याच्यावर स्केचपेनने फूल काढू दिलं, मग भुलीची गरज पडली नाही. आत गेली की सतराचा पाढा म्हणत पडून राहायची.

त्या खोलीत फिरणारं यंत्र शंभर टनांच्या घरातलं असतं, ते भिंतीआड राहतं. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच. जास्त वेळ जातो तो मिलिमीटरच्या हिशोबाने झोपवण्यात. रोज आधी फोटो काढून जागा जुळवतात. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. मशीन एक, खोल्या अनेक, त्यामुळे बाहेर थांबावं लागायचंच. पाठीची कातडी काळवंडली, केस गेले, जेवणावरची वासना उडाली, उलट्यांची गोळी रोज शेकाच्या आधी द्यावी लागली. दर आठवड्याला रक्त तपासायचे. यातलं काही "प्रोटॉनमध्ये होत नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पैशाचं सांगतो. खाजगीत हा उपचार कितीतरी लाखांचा आहे. टाटात आम्ही जनरलमध्ये, म्हणजे कमी दराच्या वर्गात, नाव नोंदवलं आणि पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात गेलो. तिथून मदतीचे अर्ज झाले, राहायला कॅन्सरच्या मुलांसाठी असलेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रात खोली मिळाली, चूल वेगळी, शिधा मिळायचा. बायकोने तिथे ज्वारीची भाकर केली तर पोरीने पंधरा दिवसांनी पोटभर खाल्लं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरला आणि थर्ड एसीला पूर्ण सूट असते, सोबत्याला 75 टक्के. दवाखान्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसने ठाणे, तिथून पनवेलच्या लोकलने खारघर.

आमच्याच गल्लीतल्या काकांना नंतर खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीमुळे) गालाचा कॅन्सर निघाला. त्यांचा मुलगा दोन एकराचा सौदा करून माझ्याकडे आला. मी म्हटलं, इसार परत कर, आधी नागपूरच्या डॉक्टरला एवढंच विचार की गाठीच्या मागे असं काय आहे जे साध्या शेकाने वाचणार नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन आणि नेहमीच्या एक्स-रेच्या, आयएमआरटी मशीनचा शेक सांगितला, तो नागपुरातच झाला. काका आता पुन्हा बैल घेऊन वावरात जातात. लहान मुलं, कवटीच्या बुडाशी किंवा मणक्याला लागून असलेल्या काही गाठी, एकदा शेक दिलेल्या जागी पुन्हा द्यायची वेळ, अशा ठिकाणी प्रोटॉनचा खरा उपयोग आहे. बाकी कितीतरी आजारांत साधं मशीन पुरतं.

जाणाऱ्यांनी फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नये. ऑपरेशन झालं तिथून काढलेल्या गाठीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, एमआरआयची सीडी घ्या, ऑपरेशनची पूर्ण नोट घ्या. हे नसलं की तपासणी नव्याने होते, आणि ते दिवस पाच-सहा आठवड्यांतूनच जातात.

शेकानंतरची केमोही आता संपली आहे. ठरलेल्या तारखांना एमआरआय, थायरॉइड, उंची आणि कानाची तपासणी चालू आहे. लेक सहावीत आहे, गणिताला वेळ जास्त लागतो, म्हणून शाळेने पेपरला जादा वेळ दिला आहे. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.