७८ नंबरच्या गाडीचा हिशेब

४ सप्टेंबर

२०१८ साली आजच्याच तारखेला फर्निचर रो रेसिंगने मोसमाअखेर गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नॅस्कार या अमेरिकी मोटार शर्यत मालिकेचा गतविजेता संघ, ७८ नंबरच्या गाडीचा, त्या वर्षीही चार शर्यती खिशात, आणि मालक सांगतो की आकडे जुळत नाहीत. ही तारीख आली की ते आकडे पुन्हा मांडून बघावेसे वाटतात.

बार्नी व्हिसर यांचा धंदा फर्निचरच्या दुकानांचा. २००५ मध्ये त्यांनी संघ काढला तो कोलोरॅडोत, डेन्व्हरला. बाकी संघांची जवळपास सगळी बिऱ्हाडं नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटच्या आसपास. गाडीचे भाग घडवणारा चांगला कारागीर हवा तर तो तिथेच भेटणार. डेन्व्हर तिथून सुमारे अडीच हजार किलोमीटर. मोसमात ३६ शर्यती, त्यातल्या बऱ्याच पूर्वेकडे. मुख्य आणि राखीव गाडी घेऊन ट्रेलर आठवडेच्या आठवडे रस्त्यावर. तेवढे दिवस गाडीवरच्या कामातून वजा.

पहिला विजय २०११ मध्ये डार्लिंग्टनला. शेवटच्या पिवळ्या झेंड्यात (धोका असल्याने सगळ्या गाड्या हळू चालवाव्या लागतात तेव्हा) बरेच जण टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर गेले, संघाचा चालक रीगन स्मिथ जुन्याच टायरवर ट्रॅकवर राहिला आणि मागून नव्या टायरवर आलेल्या कार्ल एडवर्ड्सला त्याने पुढे जाऊ दिलं नाही. डाव धाडसाचा होता, पण असल्या डावांवर अख्खा मोसम निघत नाही.

एकाच गाडीच्या संघाची खरी कुचंबणा माहितीची असते. चार गाड्यांचा संघ सरावात चार वेगवेगळ्या स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायरमधल्या हवेचे दाब तपासतो. रात्री ते आकडे एकत्र बसून बघतो. एका गाडीवाल्याला एकच उत्तर मिळतं, तेही चुकीचं असू शकतं. मग शर्यतीत पिटस्टॉपला मागच्या काचेतून पाना घालून वेज (चाकांवर येणाऱ्या भाराची वाटणी) फिरवत बसायचं. गाडी वळणात बाहेर ढकलली जात असेल तर थोडा कमी, शेपूट सुटत असेल तर थोडा जास्त.

म्हणून व्हिसर यांनी ही माहिती विकत घेतली. आधी रिचर्ड चिल्ड्रेस रेसिंग या मोठ्या संघाशी करार, मग २०१६ पासून टोयोटा: सांगाडे जो गिब्ज रेसिंग या दुसऱ्या संघाचे, इंजिनं टीआरडीची (टोयोटाच्याच रेसिंग विभागाची), जुळवणी आणि सेटअप डेन्व्हरचा. सेटअपमागचं डोकं क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या तांत्रिक चमूचा प्रमुख, कोल पर्नचं. त्याच वर्षी शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत संघाचा चालक मार्टिन ट्रुएक्स ज्युनिअर ४०० पैकी ३९२ फेऱ्या आघाडीवर होता. २०१७ मध्ये आठ विजय आणि अजिंक्यपद.

पण वेग भाड्याचा होता, आणि भाडं दर वर्षी वाढतं. तेव्हा टीव्हीच्या पैशातले ६५ टक्के ट्रॅकवाल्यांना, १० नॅस्कारला, संघांच्या वाट्याला २५ जात. उरलेलं प्रायोजकाने भरायचं. २०१७ मधली दुसरी गाडी, ७७ नंबरची, प्रायोजकाअभावी एका मोसमातच बंद झाली. जुलै २०१८ मध्ये ५-अवर एनर्जी या प्रायोजकानेही निघायचं ठरवलं. कर्ज काढून संघ चालवता आला असता. व्हिसर यांनी ते नाकारलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. मधल्या फळीत रखडत राहणारा संघ स्वस्त पडत नाही, फक्त हरतो जास्त.

अजिंक्यपद ठरवणारी शेवटची शर्यत होमस्टेडला. लांब पल्ल्यात ट्रुएक्सची गाडी सरस होती, पण उशिरा पिवळा झेंडा आला आणि थोड्याच फेऱ्या उरल्या. टायर ताजे असताना जोई लोगानो जास्त वेगवान. १२ फेऱ्या बाकी असताना त्याने ट्रुएक्सला मागे टाकलं आणि अजिंक्यपद नेलं.

ट्रुएक्स आणि पर्न गिब्जकडे गेले. ३६ शर्यतींत जागा पक्की करणारा चार्टर (परवाना) स्पायर मोटरस्पोर्ट्स या संघाने घेतला. जुलै २०१९ मध्ये डेटोनाला त्यांची ७७ नंबरची गाडी चालवणारा जस्टिन हेली पिटमध्ये न जाता ट्रॅकवर राहिला, विजा आणि पावसाने शर्यत तिथेच थांबली, तो विजेता ठरला. नेमका त्याआधी आघाडी सोडून पिटमध्ये वळलेला चालक होता कर्ट बुश, २०१३ मध्ये याच संघाची ७८ नंबरची गाडी चालवलेला.